कारण गळालं, विशेषण उरलं

शालेय इतिहासाला पेडगाव ठाऊक आहे, पण ते भीमाकाठचं. बहादूरखानाची छावणी, १६८९ मध्ये कैद करून आणलेले संभाजीराजे, बहादूरगडाचा तट. परभणी तालुक्यातलं पेडगाव वेगळं. काळ्या रानाचं, कापसाचं, तुरीचं, सोयाबीनचं गाव. या भागात पिकं निघाली की खतासाठी रानात मेंढरं बसवतात आणि हटकर-धनगरांचे वाडे या शिवारातून त्या शिवारात हलत राहतात. वर औंढा, कळमनुरीच्या डोंगराकडे निघालं की आंध आदिवासींची गावं लागतात. माळावर कधी पारध्यांची पालं पडतात, कधी वडारांची. कुठं चोरी झाली की चौकशीला आधी कुणाच्या पालावर जायचं, हे गावागावांत ठरल्यासारखं असतं.

हे कुणी ठरवलं? आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात या माणसांची जी एखाद-दुसरी ओळ येते, ती तिथं कुठून आली? हा मागोवा त्या ओळीचा आहे.

सर्वांत जुना धागा अकबराच्या दरबारात सापडतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त साम्राज्यातल्या सुभ्यांची मोजदाद केली. वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत वाशीम आहे आणि पाथरीही आहे, म्हणजे आजचा परभणीचा मुलूख त्याच वहीत आला. वाशीमच्या आसपासच्या डोंगरांत हटकर नावाचे इथलेच मूळचे लोक राहतात, ते मानी आहेत, सहजी वाकत नाहीत, त्यांच्याकडे एक हजार स्वार आणि पाच हजार पायदळ आहे, असं अबुल फजल नोंदवतो. ही नोंद कशासाठी केली हे ध्यानात घेतलं पाहिजे. सारा किती येईल आणि तो वसूल करताना कुणाकडून अडथळा होईल, याचा तो हिशेब होता. हटकर कुठल्या देवाला नवस बोलतात, भांडण झालं तर न्याय कोण करतो, मेंढरांच्या वाटा कुठून जातात, याची बादशाही दफ्तराला गरज नव्हती. स्वारांचा आणि पायदळाचा आकडा हवा होता. तो मिळाला आणि सोबत स्वभावाचा एक शेरा चिकटला.

शेरा टिकाऊ निघाला. पुढं सव्वादोनशे वर्षांनी पैनगंगेच्या खोऱ्यात हटकर नाईकांनी निजामाच्या आणि त्याच्यामागं उभ्या असलेल्या इंग्रजी फौजेच्या विरोधात हत्यार उचललं. नोवसाजी नाईकांचा नोव्ह्याचा किल्ला हदगाव-उमरखेडच्या पट्ट्यात होता. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या पलटणींनी त्याला वेढा घातला आणि महिनाअखेरीस तो घेतला. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली, तिच्यात अरब शिपाईही होते. पेशवाई बुडून वर्षही झालं नव्हतं. मराठवाड्याच्या मातीवर कंपनीच्या कवायती फौजेशी झालेली ही मोठी झुंज आहे. पण तिची तपशीलवार हकिकत लिहिली गेली ती हैदराबाद कंटिंजंट या पलटणीच्या इतिहासात. म्हणजे ज्यांनी किल्ला फोडला त्यांनीच तो इतिहासात ठेवला. तिथं हा एका चिघळलेल्या बंडाचा बंदोबस्त आहे. नाईक का उठले, त्यांचे कोणते हक्क गेले, हे त्या कथेत ओझरतं येतं. १८७० मध्ये आल्फ्रेड लायलने वऱ्हाडचं गॅझेटियर तयार केलं, तेव्हा हटकर पुन्हा मानी आणि तापट म्हणून हजर झाले.

पलटणीचा इतिहास, गॅझेटियर आणि पोलिसांचे अहवाल या तीन कागदांतून शाळेची पुस्तकं जन्माला आली. हे एकदा पक्कं लक्षात आलं की बाकीचा प्रवास उलगडत जातो.

मराठीत इतिहासाचं क्रमिक पुस्तक म्हणावं असं पहिलं मोठं काम ग्रँट डफच्या ग्रंथाचं भाषांतर. साताऱ्याला पोलिटिकल एजंट राहिलेल्या डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला आणि कॅप्टन डेव्हिड केपनने बाबा साने यांच्या साहाय्याने तो १८२९-३० मध्ये ‘मराठ्यांची बखर’ म्हणून मराठीत आणला. मुंबई इलाख्यातल्या मुलांच्या कित्येक पिढ्या या बखरीवर शिकल्या. मराठ्यांविषयी डफने केलेल्या चुका आपल्या लोकांना लवकर खुपल्या. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थी असतानाच त्यावर टीका लिहिली आणि त्यातून मराठी इतिहास-संशोधनाची एक परंपरा उभी राहिली. पण डफने रामोशी, भिल्ल, कोळी यांची ओळख लुटीवर जगणारे म्हणून करून दिली, त्या भागाला कुणी हात लावला नाही. स्वतःच्या घराण्यांवरचा डाग पुसायला आपण तत्पर होतो. शेजाऱ्याच्या कपाळावरचा डाग आपल्याला दिसला नाही. पुढच्या सगळ्या पुस्तकांची वाट इथं ठरली, असं मला वाटतं.

रामोश्यांच्या उठावाचे पुढारी उमाजी नाईक यांचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं गेलं. त्यांना पकडण्याच्या मोहिमेतला अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने पुढच्याच वर्षी रामोश्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात उमाजींचं चरित्र दिलं. त्यासाठी तो कैदेतल्या उमाजींशी बोलला होता. पुस्तक सरकारचा माणूस लिहितोय हे पानोपानी कळतं. तरीही रामोश्यांकडे पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या रखवालीचे पिढीजात हक्क होते आणि ते गेल्यामुळं माणसं उघड्यावर आली, हे त्यात नीट लिहिलेलं आहे. आज उमाजींना आद्यक्रांतिवीर म्हणणारे अभ्यासकही याच पुस्तकाकडे पुन्हापुन्हा वळतात, कारण एवढा तपशील दुसरीकडे नाही. मग शाळेच्या पुस्तकापर्यंत काय पोचलं? रामोशी बंडखोर होते, लुटालूट करीत, सरकारने बंदोबस्त केला. मूळ ग्रंथात कारणही होतं आणि विशेषणही होतं. मोठ्या ग्रंथावरून मधला झाला, मधल्यावरून छोटा झाला, छोट्यावरून परीक्षेची टीप झाली. दर पायरीला कारण गळत गेलं आणि विशेषण तेवढं उरलं.

भिल्लांच्या बाबतीत जे गळालं ते आपल्यालाच जास्त बोचणारं आहे. खानदेशातल्या भिल्ल नाईकांकडे घाटांची आणि वाटांची राखण होती. त्याबद्दल त्यांना गावांकडून हक्क मिळत. होळकर-शिंद्यांच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या भीषण दुष्काळात ती घडी मोडली. भिल्लांनी गावं लुटायला सुरुवात केली. तेव्हा पेशव्यांचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी मोठ्या संख्येने भिल्लांना कोपरगावला बोलावून घेतलं आणि दग्याने कत्तल करून प्रेतं दोन विहिरींत टाकली. ही नोंद १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे. ते गॅझेटियर मराठी ग्रंथालयांत शंभर वर्षांहून अधिक काळ पडून आहे. इंग्रजांनी काय केलं ते आपण त्यातून वेचून घेतलं. कोपरगावच्या विहिरी वेचल्या नाहीत.

त्याजागी शाळेत आली आउट्रमची गोष्ट. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली. हा तरुण लेफ्टनंट भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला जातो, नाईकांना मेजवान्या देतो, त्यांच्यातच झोपतो, सुरुवातीला नऊ भिल्ल त्याच्याकडे येतात आणि दोन-तीन वर्षांत सहाशेंची पलटण होते. ही गोष्ट इंग्रज अधिकारी विल्यम विल्सन हंटरने रंगवून सांगितली आणि ती हिंदुस्थानभर पसरली. हंटरने शाळांसाठी भारताचा जो संक्षिप्त इतिहास लिहिला, त्यात आर्येतरांचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. अंदमानचे, अनामलाईचे, ओडिशाचे पानं नेसणारे, संथाळ, खोंड एकामागून एक येतात. हंटरला या माणसांविषयी आकस नाही, उलट त्यांच्या सच्चेपणाचं तो कौतुक करतो. पण त्याच्या मांडणीत त्यांना काळच नाही. इतिहास सुरू होण्याआधी ती जिथं होती तिथंच आजही उभी आहेत, आणि एखादा इंग्रज अधिकारी येऊन त्यांना माणसांत आणतो. वैदिक आर्यांचं प्रकरण त्यानंतर सुरू होतं, राजे त्यानंतर येतात, सनावळी त्यानंतर येते. पहिल्या धड्यात आदिवासी आणि मग थेट बंडाच्या धड्यात आदिवासी, मधल्या दोन-तीन हजार वर्षांत कुठंच नाहीत, हा आपल्या क्रमिक पुस्तकांचा सांगाडा हंटरच्या पठडीतला आहे. या मधल्याच काळात चांद्याला गोंड राजे राज्य करीत होते आणि जव्हारला कोळ्यांच्या मुकणे घराण्याची गादी होती.

याच हंटरच्या अध्यक्षतेखाली १८८२ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढं ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं आणि चालू मराठी क्रमिक पुस्तकं नव्यानं घडवली पाहिजेत असं त्यात बजावलं. फुल्यांनी नऊ वर्षांपूर्वीच, १८७३ मध्ये, ‘गुलामगिरी’ लिहून इतिहास उलट्या बाजूने सांगितला होता. तो ग्रंथ त्यांनी गुलामीची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. बळीराजा नायक, बाहेरून आलेले आक्रमक, आणि इथले मूळचे लोक जिंकले गेलेले पण हीन नव्हेत. फुल्यांच्या मांडणीतले सगळे तपशील आजच्या संशोधनात टिकत नाहीत. पण इथल्या आद्य रहिवाशांना इतिहासाच्या मध्यभागी बसवण्याचा हा मराठीतला पहिला जोरदार प्रयत्न होता. सरकारी पाठ्यपुस्तकांनी त्याची दखल घेतली नाही.

आता तिसरा कागद, पोलिसांचा. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. मुंबई इलाख्याला तो १९११ मध्ये लागू झाला. त्याची मुळं ठगांच्या बंदोबस्तात होती. तो बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने सांगितलेल्या ठगांच्या हकिकतीत आपल्या हिंगोलीच्या छावणीतला एक प्रतिष्ठित कापडव्यापारीही आहे, तो ठग निघाला. बेंटिंकच्या सुधारणा म्हणून सतीबंदी आणि ठगांचा बंदोबस्त हे दोन मुद्दे आपण शाळेत जोडीनं पाठ केले. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवता येतो, ही समजूत त्या बंदोबस्तातून कायद्यात कशी उतरली, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही. पारधी, कैकाडी, भामटे, पाथरूट यांच्या मुलांना पोलिसांच्या हजेरीच्या यादीसह जन्म मिळाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. लातूरकडच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये ‘उचल्या’ लिहून कायद्याच्या त्या बाजूचं आयुष्य मराठी वाचकांसमोर ठेवलं. ज्या समाजांची पोलिसी वर्णनं छापली गेली होती, त्यांतला एकजण आता स्वतः लिहीत होता.

परभणी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती, निजामाच्या राज्यात होती. शाळा मुळात थोड्या. खालचे वर्ग मराठीत, पुढचं शिक्षण उर्दूत. या राज्यातही १९२० मध्ये सय्यद सिराज-उल-हसन यांचा जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि आंध, भिल्ल, हटकर यांची वर्णनं त्यात पक्की झाली. पण याच निजामी राज्यात एक असा प्रयोग झाला, ज्याची आठवण मराठवाड्याने अभिमानाने ठेवायला हवी होती.

१९४० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंड जमिनीसाठी आणि जंगलासाठी उठले. भीम गोळीबारात मारले गेले. गोंड का उठले हे शोधण्याची वेळ सरकारवर आली, आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ यांचा सल्ला घेतला गेला. १९४३ मध्ये मारलवाई या गोंड खेड्यात शिक्षक घडवण्याचं केंद्र सुरू झालं. शिक्षक गोंडच. शिकवण्याची भाषा गोंडी. आणि त्यांच्यासाठी गोंडीतली पहिली वाचनपुस्तकं तयार झाली ती देवनागरीत, कारण त्या मुलुखात मराठीचा वावर होता. आज नांदेड जिल्ह्यात असलेलं किनवट १९५६ पर्यंत याच आदिलाबादमध्ये होतं.

या कामात एक मराठी माणूस खोल उतरला. मूळचे निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी. पुढं मोगल-मराठा इतिहासाचे थोर अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो, फारसी साधनं मराठीत आणणारे म्हणून त्यांचा आदर करतो. निजामाच्या नोकरीत आदिलाबादला असताना ते गोंडी शिकले, कोलामी शिकले, दोन्हींची व्याकरणं त्यांनी लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केलं. इतिहासकाराने ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची भाषा आधी शिकायची, हा पाठ पगडींनी घालून दिला. अबुल फजलपासून हंटरपर्यंत ज्यांची ज्यांची नावं वर आली, त्यांच्यात आणि या कामात फरक आहे तो हाच. गोंड मुलाच्या हातात पडलेलं ते पुस्तक गोंडाविषयी नव्हतं, गोंडाचं होतं. पुढं हैदराबाद राज्य भारतात आलं, भाषावार प्रांत झाले, आदिलाबादच्या शाळांत तेलुगू आली, इकडं किनवटला मराठी आली आणि गोंडी वाचनपुस्तकं बाजूला पडली. प्रयोग फसला नव्हता. तो सोडून दिला गेला.

महाराष्ट्र झाल्यावर २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली आणि सबंध राज्याला एकच पुस्तक मिळू लागलं. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ने पिढ्यानपिढ्या मुलांना इतिहासाची गोडी लावली, हे ऋण मोठं आहे. त्यातले मावळे मुलांना तोंडपाठ आहेत, बहिर्जी नाईक त्यांचे लाडके आहेत. पण मावळ्यांत कोळी किती, रामोशी किती, बेरड किती, हे पुस्तक फोडून सांगत नाही. सगळ्यांना एकत्र सामावून घेण्यात जिव्हाळा आहे, तरी त्यात त्या-त्या समाजाचं नाव पुसलं जातं. आणि मग वरच्या इयत्तेत, इंग्रजांविरुद्धच्या उठावांच्या धड्यात, कोळी, भिल्ल, रामोशी, गोंड अशी नावं एकदम एका परिच्छेदात ओळीनं येतात. पूर्वी ती ‘लुटारू’ म्हणून यायची, आता ‘क्रांतिकारक’ म्हणून येतात. बदल चांगला आहे. पण वाक्याची घडण तीच राहिली. सकाळी ज्याला बंडखोर म्हणायचं त्याला संध्याकाळी वीर म्हटल्यानं मुलाला तो माणूस कळत नाही. नाईकाचा हक्क काय होता, तो कुणी बुडवला, जंगल खातं आल्यावर कोणती वाट बंद झाली, मेंढरं कुठं अडली, हे कळल्याशिवाय वीर हाही नुसता शेराच.

साधनं नाहीत ही सबब आता चालणार नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. जुन्नरच्या निमगिरीत जन्मलेले, स्वतः महादेव कोळी समाजाचे डॉ. गोविंद गारे तिचे संचालक होते आणि आदिवासी वीरांवर, सह्याद्रीतल्या जमातींवर त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० पासून आपल्या हातात आहे, वारल्यांचा लढा त्यात आतून दिसतो. दिल्लीच्या एनसीईआरटीने २००६ मध्ये नववीच्या पुस्तकात पशुपालकांवर अख्खा धडा दिला. त्यात महाराष्ट्राचे धनगर आहेत, पाऊस संपता-संपता ते मेंढरं घेऊन कोकणात कसे उतरतात, तिथले शेतकरी त्यांचं स्वागत का करतात, हे सगळं आहे, आणि गुन्हेगार जमातींचा कायदाही आहे. केंद्रीय शाळेतल्या कुठल्याही राज्याच्या मुलाला धनगर इतक्या जवळून कळू शकला, तर परभणीच्या मुलाला तो निदान तेवढा तरी कळायला हवा.

अमेरिकेतही राज्याराज्यांची इतिहासाची पुस्तकं तिथल्या मूळ रहिवाशांना रानटी ठरवत आली. १९७० मध्ये रूपर्ट कॉस्टो आणि जेनेट हेन्री यांनी तिथली पाठ्यपुस्तकं तपासून त्यातल्या चुका पुस्तकरूपानं मांडल्या. कॉस्टो स्वतः कॅलिफोर्नियातल्या काहुइला जमातीचे. मोंटाना राज्याने १९७२ च्या आपल्या संविधानात मूळ रहिवाशांचा वारसा जपण्याची हमी लिहिली आणि १९९९ मध्ये कायदा करून तो वारसा प्रत्येक मुलाला, मग ते कुठल्याही वंशाचं असो, शिकवणं बंधनकारक केलं. तिथं हे धडे जमातींशी बोलून तयार होतात. मला त्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे त्यासाठी जागा तयार आहे. तिसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघत आलं आहे. परभणीचं वेगळं, हिंगोलीचं वेगळं, नांदेडचं वेगळं. हिंगोली तर १ मे १९९९ पर्यंत परभणीतच होती. या तीन पुस्तकांत नोव्ह्याच्या किल्ल्याची दोन पानं घाला. वेढ्याची तारीख द्या, पण त्याआधी नाईकांकडे काय होतं आणि काय गेलं ते द्या. आंधांच्या गावांविषयी लिहायचं तर औंढा-कळमनुरीच्या आंध वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, त्यांच्यातले शिक्षक आता आहेत, मजकूर त्यांना आधी दाखवा. मेंढरांच्या वाटांचा नकाशा वाड्यावरच्या माणसाकडून काढून घ्या. पारध्यांच्या धड्यात १८७१ आणि १९५२ ही दोन्ही सालं असू द्या. अभ्यास मंडळाच्या बैठकीपर्यंत थांबायचीही गरज नाही. पेडगावला, पाथरीला, जिंतूरला जे शिक्षक हे वाचत असतील त्यांनी मेंढरं रानात बसतील तेव्हा एक दिवस वर्ग तिथं न्यावा, वाड्यावरच्या म्हाताऱ्याला बोलतं करावं आणि मुलांनी जे ऐकलं ते त्यांच्याकडून लिहून घ्यावं. तो मजकूर परभणीच्या पुढच्या पुस्तकासाठी बालभारतीकडे पाठवावा.